दुखल्यास एक गोळी

९ जाने. २००७, मंगळ.
दोन अपेंडिक्स, एक गळू. वीज दहाला गेली ती दोनला आली. दुसऱ्या अपेंडिक्सच्या ऐन मध्यावर जनरेटर खोकायला लागला. मी जनरेटरला शिव्या घातल्या, मकरंदने मला. एरवी नवरा असला तरी टेबलाच्या डोक्याकडे उभा राहिला की तो भूलतज्ज्ञ, आणि सर्जनवर ओरडणं हा भूलतज्ज्ञांचा जन्मसिद्ध हक्क आहे म्हणे.
घरी मटार तसेच पडलेत. कोणी सोलणार नाही, मलाच सोलावे लागतील.

११ जाने., गुरु.
भालेराव काका बाथरूममध्ये पडले. शिरगावहून काकूंचा फोन. "मॅडम, ह्यांचे हातपाय वाकडे झाले, तोंडाला फेस आला." वाटेत बदलापुरात दोन दवाखाने सोडून रिक्षाने थेट इथे अंबरनाथला घेऊन आल्या. आमचे पहिले पेशंट ना! २००३ ला नर्सिंग होम उघडलं, भिंतींच्या रंगाचा वासही गेला नव्हता, तेव्हा हे फॅक्टरीतले फिटर हर्निया घेऊन हजर. "बोहनी माझ्यापासून करा, मॅडम." जाळी बसवली. चौथ्या दिवशी चालत घरी. तेव्हापासून दर दिवाळीत करंज्यांचा डबा. आणि बाहेरचा बोर्ड जरा तिरका दिसला की काका स्वतः स्टूलवर चढणार, कोणाचं ऐकणार नाहीत.
आज मला ओळखेनात. तासाभराने डोळे नीट उघडले. म्हणाले, "मॅडम, बोर्ड परत वाकडा झालाय." जीव भांड्यात पडला माझा.
उद्या उल्हासनगरला डोक्याचं सीटी.

१२ जाने., शुक्र.
सीटी साफ. फिजिशियनने विचारलं, रोजच्या गोळ्या कुठल्या? काका म्हणाले, "बीपीची अर्धी. आणि मॅडमची."
मॅडमची म्हणजे?
काकूंनी पर्समधून काढलं. माझं डिस्चार्ज कार्ड. २००३ चं. लॅमिनेट केलेलं! कोपरेसुद्धा गोल कापून घेतलेले. त्यावर जांभळ्या शाईत माझा रबरी शिक्का: ट्रामाडॉल ५०, दुखल्यास एक गोळी.
रोज किती होतात?
"दहा. थंडीत बारा पण."
चार वर्षं. केमिस्ट कार्ड बघतो, शिक्का बघतो, देतो. मी काकांवर ओरडले, "एवढ्या? कोणी सांगितलं?" तर शांतपणे म्हणतात, "तुम्हीच लिहिलंय. दुखल्यास एक. दुखलं, घेतली. परत दुखलं, परत घेतली. ड्रॉइंगवर असेल तसंच काम करायचं ही पस्तीस वर्षांची सवय आहे, मॅडम."
मी कार्ड उलटंपालटं करून बघितलं.
बाहेर आल्यावर मकरंद म्हणाला, "नीलू, ही अफूची चुलत बहीण. दहा-बारा घेतल्या तर फीट येणारच." एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१४ जाने., रवि.
दिवसभर चिडचिड. आधी केमिस्टवर, मग काकांवर, मग लॅमिनेशनवाल्यावर. कोणावर किती चिडणार? शिक्का माझा.
उद्घाटनाच्या आधी उल्हासनगरच्या कॅम्पातल्या दुकानातून हौसेने करून घेतला होता. आणि मराठीत! पेशंटला वाचता यावं म्हणून. केवढी मिरवले होते त्या शिक्क्याबद्दल. किती दिवस, जास्तीत जास्त किती, बंद कधी, यातलं त्यावर एक अक्षर नाही.
शैला सिस्टरला विचारलं, कार्डावर शिक्का कधी मारता? "तुम्ही हात धुवायला आत गेलात की मी कार्ड तयार करून ठेवते ना मॅडम. नंतर घाई होते." म्हणजे मी सुरी लावायच्या आधीच पेशंटला किती दुखणार ते ठरलेलं. शैलाची काय चूक? शिस्तीची बाई. चार वर्षं मीच म्हणतेय, शैलासारखी सिस्टर मिळायला भाग्य लागतं. तेही खोटं नाही.

१६ जाने., मंगळ.
दुपारी गेल्या वर्षीच्या कार्डांच्या कार्बन कॉप्या काढून बसले. मूळव्याध, स्तनाची गाठ, पित्ताशय, अंगठ्याचं नख. सगळ्यांना तोच शिक्का, खाली माझ्या अक्षरात 'वीस'. चिमणीएवढ्या म्हाताऱ्या आजींना वीस, उल्हासनगरच्या त्या पैलवानाला वीस. नखाला वीस!
वीसच का? आठवून आठवून डोकं दुखलं. मग आठवलं. आमचे सर वीस लिहायचे. त्यांचे सर लिहीत असतील. कोणीच कोणाला विचारलं नाही.
आणि मी मनात स्वतःला कंजूष समजत होते. "मी बाई दुखण्याच्या गोळ्या जपून देते," असं परवाच एका भाचीला ऐकवलं होतं. ती डॉक्टर होतेय. तिला आता काय तोंड दाखवू?

२० जाने., शनि.
काका आठवर. एकदम बंद केली तर पुन्हा फीट यायची, म्हणून दर दोन आठवड्यांनी एक कमी करायची. मकरंदने आखून दिलंय. काकांनी त्याची ग्राफपेपरवर जिन्याची आकृती काढली, पायऱ्या स्केलने. मकरंद खूश. दोघांची जोडी जमलीये, मला विचारत नाहीत.
पण काका खाली बघून बोलत होते. निघताना हळूच विचारलं, "मॅडम, म्हणजे मी गर्दुल्ला झालो का?"
मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता!"
हे उत्तर नव्हतं. मला कळलं, त्यांनाही कळलं.

२८ जाने., रवि.
सातवर. काकूंनी बाजूला घेऊन सांगितलं. काका दर रविवारी विहारात सगळ्यांना पंचशील सांगतात. ते एक ओळ म्हणणार, बाकीचे मागून. अठरा वर्षं. वस्तीतल्या कितीतरी जणांची दारू त्यांनी सोडवली, दारात उभं राहून, हातापाया पडून, कधी दोन कानाखाली देऊन. आज पाचव्या शीलापाशी, नशेच्या पदार्थांपासून दूर राहीन म्हणतात तिथे, थांबले. पुढे म्हणेनात. लोकांना वाटलं, आवाज बसला. घरी येऊन म्हणाले, "आता दुसऱ्या कोणाला तरी सांगा म्हणायला."
काकू रडल्या. मी त्यांना चहा दिला. काय देणार दुसरं?

४ फेब्रु., रवि.
आमच्या डॉक्टरांची महिन्याची मीटिंग, उल्हासनगरला. जेवणाआधी मी उभी राहिले. म्हटलं, एक गंमत करू. चिठ्ठीवर लिहा: हर्नियाच्या ऑपरेशननंतर तुम्ही दुखण्याच्या किती गोळ्या देता, आणि इथले बाकीचे किती देत असतील. नाव नको.
अकरा सर्जन. अकरा चिठ्ठ्या. वाचल्या. अकराही जण बाकीच्यांपेक्षा कमी देतात!
हशा झाला. एकजण म्हणाला, "माझी चिठ्ठी धरू नका, मी अंदाजे लिहिलं." अंदाजेच तर देतोय ना रे बाबा.
डॉ. लालवानी सगळ्यांत ज्येष्ठ. पापड मोडत म्हणाले, "बेटा, पेशंट वापस नहीं आया मतलब ठीक है. चालीस साल से मेरा यही हिसाब है." मी त्यांना भालेराव काकांबद्दल सांगितलं. त्यांचा पापड हातातच राहिला. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. फार लाघवी माणूस.
मकरंद येताना गाडीत म्हणाला, "अकरावी चिठ्ठी तुझीच होती ना?"
होती. मीही कमीच लिहिलं होतं. सवयीने.

११ फेब्रु., रवि.
सहावर. नाक गळतंय, पाय थाऱ्यावर नाहीत, पोट बिघडलंय, काकूंवर खेकसतात. गोळी सुटतानाचं हे असंच. मी शिरगावला जाऊन बसले त्यांच्याकडे. काकूंनी बोंबलाची चटणी आणि भाकरी वाढली, डाएट गेलं उडत.
आज नीट तपासलं. इतके दिवस फक्त गोळ्या मोजत होते, माणसाला हात लावलाच नव्हता! जांघेतल्या जुन्या टाक्याच्या टोकाशी बोटाने नुसतं टेकवलं तर काका पलंगावरून उडाले.
जाळीत नस अडकलीये. माझ्या जाळीत.
"कधीपासून, काका?"
"ऑपरेशनच्या दुसऱ्या महिन्यापासून."
"आणि चार वर्षं दर दिवाळीला येऊन 'एकदम झकास' म्हणत होतात?"
काकूच बोलल्या, "सांगा ना आता. नाहीतर मी सांगते." मग म्हणाले, "मॅडम, मी तुमचा पहिला पेशंट. पहिलाच माणूस दुखतंय दुखतंय करत अंबरनाथभर फिरला असता तर कोण आलं असतं तुमच्याकडे? नवीन दवाखाना. तुम्ही दोघं पोरं. आणि गोळी होती की, तुम्हीच दिलेली."
मी भाकरीकडे बघत राहिले. मग रडले, त्यांच्यासमोरच. काका घाबरले, "म्हणून तर सांगत नव्हतो!"

१२ फेब्रु., सोम.
झोप नीट नाही. लालवानींचा हिसाब तोच माझा हिसाब. पेशंट आला नाही म्हणजे बरा आहे. ज्यांना आपण आवडत नाही ते येऊन भांडतात, ती भांडणं ऐकून आपण सुधारतो. ज्यांना आपण आवडतो त्यांचं काय? ते करंज्या घेऊन येतात.
शिक्का कात्रीने कापला. शैलाने तुकडे केरात टाकले. म्हणाली, "मग आता प्रत्येक कार्ड हाताने? तुमचं अक्षर कोण वाचणार, मॅडम?" आगाऊ.

१६ फेब्रु., शुक्र.
महाशिवरात्र. शिवमंदिराकडचे रस्ते तुडुंब, ओपीडीत चिटपाखरू नाही. मकरंदने दुपारभर झोप काढली, मी कार्डांचा नवा नमुना लिहिला. किती दिवस, दिवसाला जास्तीत जास्त किती, अमुक तारखेनंतर ही चिठ्ठी चालणार नाही. आणि शेवटी: तरीही दुखलं तर येऊन सांगा.
मकरंदने उठून वाचलं. "शेवटची ओळ वर घे," म्हणाला. घेतली.

१ मार्च, गुरु.
थोबाडीत बसली. चिखलोलीच्या हिराबाई पाटील, पित्ताशय, पोट उघडून काढलं. सोमवारी घरी पाठवल्या. मी नव्या उत्साहात. ट्रामाडॉल नाहीच, साधी गोळी, तीन दिवस. आज सून घेऊन आली. बाई तीन दिवस आडव्या झाल्या नाहीत, भिंतीला टेकून बसून. खोकला दाबून दाबून छातीत कफ साठला, अंगात ताप.
"हिराबाई, फोन का नाही केला? कार्डावर सगळ्यांत वर लिहिलंय, दुखलं तर सांगा!"
"सोसतंय गो बाय. बाईमाणसाला दुखायचाच."
सून म्हणाली, "आईंना वाचता येत नाही, मॅडम."
ॲडमिट केलं. ट्रामाडॉल दिलं, मोजून, वेळेवर. संध्याकाळी हिराबाई आडव्या होऊन घोरत होत्या. इतकं गोड घोरणं मी ऐकलं नाही कधी.
मकरंद आज बोललाच. "आधी तुझं ऑपरेशन संपलं की तुझ्या लेखी दुखणं संपायचं. आता गोळी बंद केली की संपतं. नीलू, त्या बाईचं दुखणं त्या बाईकडे आहे. तुझ्या अपराधीपणाकडे नाही." भांडण झालं. जेवणात त्याने माझ्या ताटात कैरीची फोड जास्त ठेवली, म्हणजे मिटलं. पण मुद्दा त्याचाच बरोबर होता, हे त्याला सांगणार नाही.

११ मार्च, रवि.
काका चारवर. मकरंदने जांघेत नसेपाशी सुन्न करायचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी काका उठले, बसले, उठले, उकिडवे बसले. "अरेच्चा! अरे!" म्हणत पॅसेजमध्ये तीन फेऱ्या. चार वर्षांनी पहिल्यांदा सरळ. काकू तोंडाला पदर लावून बघत होत्या, लग्नात नवऱ्याला बघावं तशा.
मग सहा तासांनी औषध उतरलं.
नस हीच हे तरी नक्की झालं. पुन्हा उघडून ती नस कापता येईल. मी म्हटलं, मुंबईला माझ्यापेक्षा मोठे हात आहेत, चिठ्ठी देते. काका: "हात लावायचा तर तुम्हीच." मी: "काका, मीच बिघडवलंय." काका: "ज्याने फिटिंग केलं त्यानेच खोलायचं. दुसरा आला की आधी पहिल्याला शिव्या देतो, मग काम करतो."
मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. ऑपरेशन केलं की पुन्हा दुखणार. पुन्हा मी कार्ड लिहिणार. त्या कार्डावर काय लिहू?

२५ मार्च, रवि.
तीनवर. इथे गाडी अडली. दोनवर गेले की दुसऱ्याच दिवशी हाल. पुन्हा तीन.

१४ एप्रिल, शनि.
जयंती. संध्याकाळी पाचला शिरगावला गेलो दोघंही. वस्तीत निळे झेंडे, स्पीकर, पोरं नाचतायत. काका घरात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीत. दरवर्षी सुरुवात त्यांच्या आवाजाने होते. विहारातले दोन कार्यकर्ते येऊन गेले, काका उठले नाहीत.
मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, काका, त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी टाळलं. आता ऐका. तुम्ही नशा केली नाहीत. नशेसाठी एकदाही घेतली नाहीत. दुखत होतं म्हणून घेतलीत, मी लिहिलं होतं म्हणून घेतलीत. शरीराला सवय लागली, ती शरीराची गोष्ट आहे. शील मोडलं असेल तर माझं मोडलंय, न बघता शिक्का मारून.
काका म्हणाले, "शेवटची दोन वर्षं, मॅडम, कधी कधी दुखत नसतानाही घेतली. बरं वाटायचं. हे हिलापण माहीत नाही."
काकू दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "माहीत होतं."
मकरंद शहाणा. तो म्हणाला, "काका, वस्तीतल्या ज्यांची दारू तुम्ही सोडवलीत, ते चढ-उतार न होता सुटले होते का?" काका म्हणाले, "छे! एकेकाला पाच-पाचदा उचलून आणलंय."
"त्यांना तुम्ही विहारात येऊ दिलं नाहीत का?"
काका उठले. स्टेजवर नाही गेले. गर्दीच्या मागे, शेवटच्या रांगेत उभे राहिले, आणि बाकीच्यांबरोबर मागून म्हणाले. पाचही. मी शेजारी होते, ऐकलं.

२२ एप्रिल, रवि.
हिराबाईंनी वाल पाठवले, सोललेले. सुनेबरोबर निरोप, "डाक्तरीनबायला सांग, आता नाय दुखत." दुखत नाही हे सांगायला माणूस पाठवला! मी वेड्यासारखी खूश.
काका तीनवरच. ऑपरेशनचं काही बोलत नाहीत.

६ मे, रवि.
सकाळी अकराला फोन. काका.
"मॅडम, दुखतंय."
किती?
"लय दुखतंय. चार वर्षं दुखतंय! तुमच्या त्या जाळीने माझी वाट लावलीये आणि वर तुम्ही माझ्या गोळ्या मोजता. काल दोनच घेतल्या. रात्र कशी काढली माझं मला माहीत. तुम्हाला काय, तुम्ही जिना आखून दिला!"
मागून काकू, "अहो, काय बोलताय मॅडमना!"
माझ्या डोळ्यांना धारा आणि मी हसतेय. म्हटलं, बोला काका, अजून बोला. थांबू नका. ते बोलले. जाळीबद्दल, शिक्क्याबद्दल, मकरंदच्या इंजेक्शनने सहा तास स्वर्ग दाखवून परत खाली आणलं त्याबद्दल. ऑपरेशन लवकर करा म्हणाले, तुम्हीच करा, आणि ह्यावेळी नीट करा. चार वर्षांचं एका दमात.
मग आवाज उतरला. अगदी हळू.
"आज एक जास्त घेऊ का?"
चार वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. हे काकांचं दुखणं बोलतंय की गोळी बोलतेय? मकरंदकडे बघितलं. त्याने मान हलवली, त्यालाही माहीत नाही.
"बघितल्याशिवाय नाही सांगणार," मी म्हटलं. "येते मी."
"गोळी घेऊन या," काका म्हणाले. आणि लगेच, "नाहीतर राहू द्या. तुम्ही या."
मकरंद गाडी काढतोय, खालून हॉर्न देतोय. पर्समध्ये एक गोळी टाकली आहे. देईन की नाही, अजून ठरत नाहीये.